शनिवार-रविवारचे पाद्रीबुवा

टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक ब्रिटिश म्हातारे राहायचे. शनिवार-रविवारी ते पाद्री असत. एरवी आठवडाभर कोण असतील, याचा काही नेम नसे.

आमची ओळखच मुळी भांडणावरून झाली. आदल्या संध्याकाळी माझं आणि नवऱ्याचं कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक सासूबाईंच्या व्हिसावरून असेल. सकाळी ऑफिसला निघाले तर जिन्यापाशी हे उभे. उंच, जरासे पोक आलेले, पांढरे केस मागे वळवलेले, हातात छत्री. अदबीने वाकून म्हणाले, "मॅडम, काल तुम्ही यजमानांना रागावत होतात. पहिलं वाक्य चढ्या आवाजात गेलं. दुसऱ्या वाक्याला तुम्ही एकदम आवाज खाली आणलात. ते का?"

 माझी ट्रेन चुकायला आली होती आणि हा अनोळखी माणूस मला माझ्याच भांडणाचा हिशोब विचारत होता.

"तुम्ही आमचं भांडण चोरून ऐकलंत?"

"चोरून कशाला? तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला ऐकवत होतात," ते शांतपणे म्हणाले. "भाषा समजली नाही. पण यजमान हरले ते दुसऱ्या वाक्याला, एवढं समजलं. मला ते शिकायचंय."

आगाऊपणाला काही हद्द! मी फणकाऱ्याने तिथून निघाले. पुढे ट्रेनमध्ये माणसांत चेपून उभी असताना आठवून पाहिलं, तर खरंच की, दुसऱ्या वाक्याला मी आवाज खाली आणला होता. आमच्या आईची ती सवय. ती ओरडत असली की आम्ही भावंडं खुशाल खेळत राहायचो, आणि ती हळू बोलायला लागली की पुस्तकं उघडायचो. माझ्यात ही सवय उतरलीय हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी येताना मी त्यांच्या दाराची बेल वाजवली आणि "आईमुळे" एवढंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आई उंच होती की बुटकी?"

तर अशी सुरुवात.

ते नट होते. पण नट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल त्यातलं काहीही ते नव्हते. इंग्लंडमध्ये गावोगावच्या नाटक मंडळ्यांतून उमेदवारी केली, मग लंडनच्या रंगभूमीवर, मग सिनेमात. सगळी हयात तोंडाला रंग लावण्यात गेली आणि नायक एकदाही नाही. आपल्याकडे जशी भालदार-चोपदाराची कामं असतात, तशी तिकडची: बटलर, गावचा डॉक्टर, न्यायाधीश, आगगाडीच्या डब्यात कोपऱ्यात पेपर वाचणारा गृहस्थ. पाद्री तर किती झाले त्याची गणतीच नाही. मी एकदा सहज म्हटलं, "कधी वाटलं नाही का हो, मोठं काम मिळावं?" तर चक्क दुखावले.

"मॅडम, नायकाला लोक बघायलाच आलेले असतात. त्याला काय कष्ट आहेत? बटलर दार उघडतो, त्या दोन क्षणांत हे घर सुखी की दुःखी ते ठरतं. मी दार चुकीचं उघडलं तर नायकाने पुढे जन्मभर रडून काही उपयोग नाही."

माझं काम टेस्टिंगचं. टोकियोतल्या एका बँकेसाठी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. मला त्यांचं हे म्हणणं एकदम पटलं. सिस्टीम झोपते ती नेहमी असल्याच कुठल्या तरी बारक्या दारापाशी.

जपानात ते आले एका नाटकाच्या दौऱ्यावर. ओसाकाच्या थिएटरात कपडेपट सांभाळणारी एक मुलगी होती. तिने यांच्या बटलरच्या कोटाची बाही उसवून पुन्हा शिवली आणि म्हणाली, "या माणसाचा डावा खांदा खाली झुकायला हवा, आयुष्यभर ट्रे उचललाय त्याने." ते सांगायचे, "इतकं समजणारी बाई मला लंडनात भेटली नव्हती." दौरा संपला, मंडळी परत गेली आणि हे राहिले ते राहिलेच. लग्न केलं, मुलगी झाली. बायको गेल्यावर ओसाकाचं घर सोडून इकडे आले.

जपानात गोऱ्या, वयस्क नटाला काय कामं मिळणार? टीव्हीवर इतिहासाच्या कार्यक्रमांत घटना पुन्हा करून दाखवतात, त्यात मरायचं. वादळात बुडणारा डच व्यापारी, तापाने फणफणलेला मिशनरी, कुणाच्या तरी तलवारीखाली येणारा दूत. शाळांच्या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकायचा एक भाग असतो, त्यासाठी आवाज द्यायचा. "पोस्ट ऑफिसच्या डाव्या हाताला लायब्ररी आहे," असली वाक्यं. त्यामुळे त्यांचा आवाज देशातल्या किती पोरांनी घाम फुटलेल्या अवस्थेत ऐकला असेल देव जाणे. एकदा आम्ही बरोबर ट्रेनमध्ये होतो. त्यांनी शेजारच्या शाळकरी मुलीला इंग्रजीत विचारलं, "माफ करा, हे कुठलं स्टेशन?" त्या बिचारीचं तोंड उतरलं आणि तिने दप्तरातून पेन्सिल काढली. मी हसून हसून बेजार. त्यांना मात्र काळजी लागली. "मी पुरेसा सावकाश बोललो का?" हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

आणि शनिवार-रविवारची लग्नं. ज्यांना जपानातली लग्नं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इथे पुष्कळ जोडप्यांना, ती ख्रिस्ती असोत नसोत, पांढरा झगा घालून चॅपेलमध्ये लग्न करायचं असतं. मोठ्या हॉटेलांत त्यासाठी खास चॅपेल बांधलेलं असतं आणि तिथे पाद्री म्हणून परदेशी चेहरा लागतो. तो खरा पाद्रीच असतो असं नाही. हे असेच. काळा झगा हँगरला लावून, प्लॅस्टिकमध्ये घालून, खांद्यावर टाकून निघायचे. बिल्डिंगमधले जपानी लोक त्यांना बोकुशी-सान म्हणायचे, म्हणजे पाद्री-साहेब. आम्ही आमच्या घरात पाद्रीबुवा म्हणायचो आणि त्याचं पुढे नुसतं बुवा झालं.

त्यांचं जपानी उत्तम होतं, तीच अडचण झाली. एजंटाने सांगितलं, "जरा बिघडवा. लोकांना पाद्री परदेशी वाटला पाहिजे." दुसऱ्या कुणी थोडं अडखळून वेळ मारून नेली असती. बुवांनी त्या पाद्र्याला सबंध आयुष्य दिलं. तो म्हणे समुद्रकाठच्या एका खेड्यातून उशिरा जपानात आला, जपानी शिकला ते भाजीवाल्या बाईकडून, गुडघा दुखतो पण सांगत नाही. म्हणून त्या पाद्र्याचं जपानी थोडं बायकी होतं आणि पायऱ्या चढताना तो ओठ आवळायचा. मी विचारलं, "अहो, हे कुणाला कळणार आहे?"

"कुणाला नाही," ते म्हणाले. "पण त्या मुलामुलीचं लग्न खरं असतं. तिथे खोटा मी एकटाच. मग मेहनत कुणी करायची?"

आता कचऱ्याचं ऐका. इथे कचऱ्याचे वार ठरलेले. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, आणि चुकलं की पिशवी तशीच ठेवून देतात, वर चिकटवलेली लाल चिठ्ठी सगळ्या बिल्डिंगने वाचायची. बुवा पिशवी कधी चुकवत नसत, पण ती टाकायला जाणारा माणूस दर वेळी निराळा. सोमवारी निवृत्त कर्नल, ताठ. गुरुवारी कुणी नुकताच आजारातून उठलेला, भिंतीला धरून. आमच्या बिल्डिंगची देखभाल करणारे कान्रिनिन-सान फार सज्जन गृहस्थ. एके दिवशी ते नवऱ्याला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "विचारू नये, पण खाली नक्की किती परदेशी राहतात? भाडेकरार एकाच्याच नावावर आहे."

नवरा वर येऊन हे सांगेपर्यंत हसू दाबून दाबून लाल झाला होता. मी मात्र खाली जाऊन बुवांना झापलं. म्हटलं, "ही सोंगं बंद करा, नाहीतर घर सोडावं लागेल." त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. पुढल्या सोमवारी कान्रिनिन-सानना भेटून माफी मागितली, तीही इतकी रीतसर, इतकी खालमानेने, की ते भले गृहस्थच ओशाळून घरी गेले. मला लगेच शंका आली. विचारलं, "माफी कुणी मागितली?" बुवा म्हणाले, "एका कारकुनाने. चाळीस वर्षं एकाच टेबलावर काढलीत त्याने."



पण त्यांच्या सोंगांना नुसतं हसून भागायचं नाही. एका दुपारी चांगला जोराचा भूकंप झाला. आमच्याकडे समुद्र भरून केलेली जमीन, भूकंप झाला की घरात कुणी थांबत नाही. आम्ही सगळे पार्किंगमध्ये जमलो, बायका रडकुंडीला आलेल्या, पोरं भेदरलेली. तेवढ्यात बुवा जिन्यातून उतरले. ड्रेसिंग गाऊनमध्ये, पण चाल अशी की जणू रोज याच वेळी जहाजाच्या डेकवर फेरी मारतात. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, घड्याळ पाहिलं आणि जपानीत म्हणाले, "उत्तम. आता चहा कोण करतंय?" काय झालं कोण जाणे, लोक चक्क कामाला लागले. नंतर मी त्यांना कप द्यायला गेले तर ते जिन्याच्या कठड्याला घट्ट धरून उभे होते.

"तुम्हालाही भीती वाटली ना?" मी म्हटलं.

"मला वाटली. कॅप्टनला नाही वाटली," ते म्हणाले. "मी त्याला पुढे पाठवलं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की हा माणूस कुणाला फसवत नाहीये. कठीण प्रसंग आला की स्वतः मागे राहतो आणि जमेल अशा कुणाला तरी पुढे पाठवतो. ही सवय त्यांना महागात पडली होती. ती गोष्ट त्यांनी मला आपणहून सांगितली, चहा पिता पिता, दुसऱ्याच कुणाची सांगावी तशी.

बायको गेली तेव्हाची गोष्ट. इथे अंत्यसंस्काराच्या शेवटी घरच्या मुख्य माणसाने उभं राहून आलेल्यांचे आभार मानायचे असतात. बुवा उभे राहिले. बायकोचं नाव घेतलं. मग खाली पाहिलं, श्वास घेतला, वर पाहिलं आणि बोलले. लोक हमसून रडले. तिचे भाऊ, थिएटरची माणसं, सगळे. एकटी मुलगी रडली नाही. लहान असताना ती शनिवारी बापाबरोबर हॉटेलात जायची, मागच्या बाकावर बसून दिवसाकाठी चार चार लग्नं बघायची. नवरीचं नाव घेतल्यावर पाद्री खाली बघतो, श्वास घेतो, वर बघतो, हे तिला पाठ होतं.

"घरी आल्यावर तिने मला विचारलं," बुवा म्हणाले, "आईला निरोप तू दिलास, की त्या हॉटेलातल्या पाद्र्याने?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी मुद्दाम केलं नव्हतं. मला भीती होती, रडू आलं तर माझं जपानी चुकेल. तिच्याबद्दल बोलताना जपानी चुकायला नको होतं. म्हणून मी मागे राहिलो आणि ज्याला जमतं त्याला पुढे पाठवलं." कप बशीत ठेवून म्हणाले, "माझ्या बायकोच्या अंत्यसंस्काराला मी नव्हतो. मुलीचं बरोबर आहे."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं जवळपास बंदच. नवीन वर्षाला फोन, तब्येत बरी का, हो बरी, संपलं. माझा जीव तुटायचा. पण आपण कोण मध्ये बोलणार? मी अधूनमधून थालीपीठ नेऊन द्यायचे. ते खायचे आणि विचारायचे, हे करणारी बाई थापताना काय विचार करते.

मग एका रविवारी मी असंच थालीपीठ घेऊन गेलेली असताना मुलीचा फोन आला. बुवांना फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं. मुलगी जपानीत बोलत होती, ओसाकाकडचं ठसकेबाज जपानी.

"ओतोसान, मी लग्न करतेय," ती म्हणाली. ओतोसान म्हणजे बाबा. "चॅपेलमध्ये आहे. त्याच्या आईची हौस. वडिलांनी मुलीला घेऊन चालायचं असतं, तुला माहीतच आहे."

"हो," बुवा म्हणाले.

"तू ये. पण तूच ये. दुसऱ्या कुणाला आणलंस तर मला दारातच कळेल, आणि मग मी एकटी चालेन. मी खरंच सांगतेय."

बुवांनी फोन ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचं काम खोट काढायचं ना?"

अशी मी त्यांची टेस्टर झाले. दर रविवारी दुपारी, आमच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात. मी नवरी. हातात फुलांच्या जागी कोथिंबिरीची जुडी, कारण आम्ही भाजी आणल्या आणल्या सुरू करायचो. ते माझा हात त्यांच्या कोपरात घेऊन चालायचे आणि मी सांगायचं, खरं की सोंग.

पहिल्या फेरीत चार पावलं टाकली आणि मी थांबले. "हे कोण?"

"निवृत्त पोस्टमास्तर," त्यांनी कबूल केलं. "एकुलती एक मुलगी, तिला खूप पत्रं यायची."

"परत."

दुसरी फेरी. "हे?"

"डॉक्टर. जावई पसंत नाही, पण बोलून दाखवणार नाही."

"अहो, बुवा! परत!"

असं किती रविवार चाललं. कधी सैन्यातला माणूस यायचा, कधी विधुर शेतकरी. एकाहून एक सरस, एकेकाला बघून डोळ्यांत पाणी यावं, आणि सगळे नापास. एकदा मात्र मला वाटलं, जमलं! साधी, जराशी फेंगडी चाल, मान पुढे, लक्ष भलतीकडे. अगदी खरा माणूस. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"हा माझा नवरा आहे!"

"तुम्हीच म्हणालात, साधा माणूस कसा चालतो ते त्यांच्याकडे बघून शिका," बुवा म्हणाले. दारात उभा राहून नवरा हे बघत होता. तो म्हणाला, "मी असा चालतो?" आणि त्यानंतर दोन दिवस तो घरात चालायलाच बिचकत होता.

शेवटच्या रविवारी बुवा थकले. जिन्याच्या पायरीवर बसले. "मला जमणार नाही," म्हणाले. "सगळी माणसं काढून टाकली की खाली कुणी उरत नाही, मॅडम. ती दारात बघेल आणि एकटी चालायला लागेल."

मला त्यांचा राग आला आणि कणवही आली. आणि राग आला की माझं तोंड सुटतं. "काहीतरीच काय! रोज सकाळी तुमच्या घरी आंघोळ कोण करतं?"

त्यांनी यावर अगदी गंभीरपणे विचार केला. हा त्यांचा गुण, कुठलाही प्रश्न हसण्यावारी नेत नसत.

"करतो एक जण," ते म्हणाले. "पण फार कंटाळवाणा माणूस आहे. त्याला काही करता येत नाही."

"तिला तोच हवाय."



लग्नाला मी गेले. मुलीनेच बोलावलं. तिला म्हणे बुवांनी सांगितलं होतं की एक टेस्टर बरोबर येईल, आणि ती फोनवर हसली होती. काठपदराची साडी नेसून मी शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, त्यांच्या शेजारी बसले. ओसाका येईपर्यंत बुवा खिडकीबाहेर बघत बसले. डबा उघडला, अर्धा खाल्ला, झाकण लावलं. कोणीच नव्हते ते त्या दिवशी. मला भीतीच वाटायला लागली. मनात म्हटलं, कुणीतरी या बाबा, निदान तो पोस्टमास्तर तरी.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर चॅपेल. कानाला वॉकी-टॉकीचं यंत्र लावलेल्या हॉटेलच्या बाईने बुवांना समजावून सांगितलं: डावं पाऊल, जुळवा, उजवं पाऊल, जुळवा, शेवटी मुलीचा हात जावयाच्या हातात द्यायचा आणि डावीकडे पहिल्या बाकावर येऊन बसायचं. बुवांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली. पुढे उभा असलेला पाद्री हा एक तरुण अमेरिकन होता. मी डावीकडे दुसऱ्या बाकावर बसले, बुवांच्या जागेच्या अगदी मागे. ऑर्गन सुरू झाला आणि मी दाराकडे बघत राहिले.  दार उघडल्यावर मुलगी एकटी दिसणार की दोघं?

दार उघडलं. दोघं होते.

हुश्श! मी खरंच मोठ्याने म्हणाले, शेजारच्या मावशींनी वळून पाहिलं. बुवा चालायला लागले. वाईट चालत होते. ऑर्गनच्या तालात नाही, पावलं जुळत नाहीत, एकदा तर तिच्या झग्यावर पाय पडता पडता वाचला. मुलगी त्यांना सांभाळून घेत होती. एवढं वाईट काम मी त्यांच्याकडून कधी पाहिलं नव्हतं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! जावई पुढे आला. वाकून नमस्कार झाले. बुवांनी मुलीचा हात त्याच्या हातात दिला. आता डावीकडे वळून माझ्यापुढच्या बाकावर येऊन बसायचं, बस्स.

बुवा वळले नाहीत. ते सरळ पुढे गेले. दोन पायऱ्या चढले, अमेरिकनाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि सगळ्या पाहुण्यांकडे तोंड करून त्यांनी पोटापाशी हात जुळवले.

इतक्या वर्षांची सवय. पायांना चॅपेलमधली तेवढी एकच जागा ठाऊक होती.

ऑर्गन थांबला. अमेरिकन त्यांच्याकडे बघायला लागला. हॉटेलची बाई कोपऱ्यातून हातवारे करत होती. मागे कुणीतरी खुसखुसलं. बुवांनी आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग पायाखालच्या पायरीकडे, आणि त्यांना कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मला त्यांचा हा चेहरा कधी दिसला नव्हता.

आता सांगते, त्या क्षणी मी पार बदलले. इतके रविवार सोंग नको म्हणून डोकं खाल्लं होतं त्यांचं, आणि आता मनातल्या मनात ओरडत होते, करा हो, करा काहीतरी! तो कॅप्टन आणा! त्या पाद्र्यालाच आणा, तो दोन शब्द आशीर्वादाचे बोलून उतरेल, लोकांना वाटेल तसंच ठरलं होतं. तो त्यांच्या डाव्या हातचा मळ होता.

त्यांनी कुणालाही आणलं नाही. जुळवलेले हात सुटले आणि दोन्ही बाजूंना नुसते लोंबत राहिले.  मग जपानीत म्हणाले, "माफ करा. मी... मी कुठे बसायचं?" आणि आवाज फाटला. जपानीही चुकलं. आणि तो भलामोठा उंच माणूस सगळ्यांच्या देखत रडायला लागला. रडणंही धड नाही, नाक गळतंय, हनुवटी थरथरतेय, रुमाल सापडत नाहीये.

मुलीने नवऱ्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. झगा दोन्ही हातांनी उचलला, पायऱ्या चढली, बापाच्या कोपराला धरलं. त्यांना एक एक पायरी उतरवत खाली आणलं आणि पहिल्या बाकावर, माझ्या अगदी पुढ्यात, खांदे दाबून बसवलं. मग ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाकून उभी राहिली. सगळं चॅपेल थांबलेलं, अमेरिकन पाद्री पुस्तक धरून थांबलेला, नवरदेव थांबलेला. तिने डोळ्यांना लावलेला सगळा रंग रडून गालांवर आला होता आणि ती हसत होती.

"ओत्ता," ती म्हणाली. "ओतोसान, ओत्ता."

ओसाकाकडे गर्दीत चुकलेलं आपलं माणूस दिसलं की असं म्हणतात. सापडला. अगंबाई, हा काय, इथेच होता.